शाळा सोडली, पण ग्रुप सुटत नाही

ताई, सादर नमस्कार.

मी फुलेवाडीत राहते. वय ३८. गणितात एम.एस्सी., बी.एड. एका खाजगी विनाअनुदानित माध्यमिक शाळेत बारा वर्षं शिकवलं. आज सरकारी अनुदानाचा टप्पा येईल, उद्या येईल म्हणत दिवस काढले. शाळेचं नाव त्रुटींच्या यादीत आलं, त्रुटी पूर्ण केल्या, पुन्हा यादी आली, त्यात नाव नाही. आझाद मैदानावर आंदोलनालाही जाऊन बसले. शेवटी मानधन ९ हजार होतं, तेही तीन-तीन महिन्यांनी. घर चाललं ते मिस्टरांच्या पगारावर (ते शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत आहेत) आणि माझ्या संध्याकाळच्या क्लासवर.

मे महिन्यात राजीनामा दिला. टॅली आणि जीएसटीचा कोर्स केला आणि जूनपासून शाहूपुरीत एका कर सल्लागारांच्या ऑफिसात जाते. शिकाऊ म्हणून १० हजार देतात. तिथं वयानं मी सगळ्यात मोठी, सरांहूनही, आणि कामानं सगळ्यात लहान. बी.कॉम. झालेली बावीस वर्षांची मुलगी माझ्या चुका काढते. ऑफिसमुळे रोजचा क्लास बंद झाला, फक्त रविवारी घेते. घराचा हप्ता धरून दर महिन्याला पाचेक हजार कमी पडतात, ते शिलकीतून जातात. शिल्लक १ लाख १० हजार आहे.

रात्री झोप लागत नाही. शाळांच्या शिक्षकांचा व्हॉट्सॲप ग्रुप अजून सोडलेला नाही. अकरा-साडेअकराला उघडून बघते. उद्या जीआर निघाला आणि आमच्या शाळेला टप्पा मिळाला तर? सासूबाई म्हणतात, "बारा वर्षं कळ काढलीस, आणखी दोन निघाली नसती?" परवा महाद्वार रोडला जुना विद्यार्थी भेटला. भर गर्दीत वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "बाई, यंदा कुठला वर्ग तुमच्याकडं?" मी म्हणाले, "रजेवर आहे." घरी येऊन रडले. मुलगी आठवीत आहे, तीही विचारते, "आई, तू परत शाळेत जाणार काय?"

मी बरोबर केलं का? हे नवीन काम जमेल का? आणि ते कळेपर्यंत जगायचं कसं?

— एक शिक्षिका, कोल्हापूर

प्रिय बाई,

तुमच्या तीन प्रश्नांपैकी पहिल्या दोनांची उत्तरं आज कुणाकडेच नाहीत. माझ्याकडेही नाहीत, आणि तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी खोटी देणार नाही. तिसऱ्यावर मात्र पुष्कळ बोलता येईल. पण आधी पहिल्याबद्दल थोडं, कारण रात्री तोच तुम्हाला उठवतोय.

मे महिन्यात राजीनामा लिहिताना तुम्हाला काय काय माहीत होतं? 'कायम विनाअनुदानित' मधला 'कायम' हा शब्द सरकारनं २००९ मध्ये काढला. २० टक्के अनुदानाचा निर्णय व्हायला २०१६ उजाडलं. त्यापुढच्या टप्प्यांसाठी शिक्षकांना पुन्हा पुन्हा मैदानावर बसावं लागलं. तुमची शाळा त्या रांगेत अजून पहिल्याच पायरीवर होती. अंगात उमेद होती, निवृत्तीचं वय ५८ धरलं तर हातात वीस वर्षं होती, आणि घरी आठवीतली मुलगी होती, जिच्या शिक्षणाचा मोठा खर्च आता सुरू होणार. एवढ्या माहितीवर तुम्ही निर्णय घेतलात. उद्या जीआर निघाला तर ती माहिती उद्याची असेल. मे महिन्यातल्या बाईंच्या हातात ती नव्हती, आणि त्यांना त्याबद्दल दोष देता येणार नाही.

टप्पा येणारच नाही, असं मी म्हणत नाही. काही शाळांना तो मिळाला आहे, तुमच्याही शाळेला मिळू शकतो. मिळाला तर तुम्हाला वाईट वाटेल, खूप वाटेल, आणि त्या दिवशी घरात कुणीतरी बोलेलही. ते वाईट वाटणं खरं असेल. पण त्यानं निर्णय चुकीचा ठरत नाही.

आणि एक गोष्ट मला स्पष्ट बोलायची आहे. ज्या कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं करायचं पाऊल उचललं, त्या कोल्हापुरात गणिताच्या एम.एस्सी. बाईंना बारा वर्षं नऊ हजारांत राबवून घेतलं गेलं. यात तुमचं धैर्य कमी पडलं असं काही नाही. तुमची कळ संपली नाही, तुमचा गैरफायदा घेणं थांबलं. सासूबाईंचं वाक्य मनात घोळायला लागलं की हेही आठवा.

आता झोपेकडे येऊ. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये २०१६ साली एक प्रयोग झाला होता. ४५ जणांना संगणकावर एक खेळ दिला. पडद्यावरच्या दगडाखाली साप आहे की नाही हे ओळखायचं, आणि साप निघाला तर हाताला विजेचा सौम्य पण दुखणारा झटका. झटका कधी बसणार याची शक्यता बदलत ठेवली होती आणि त्याच वेळी घाम, डोळ्यांच्या बाहुल्या अशा खुणांवरून ताण मोजला जात होता. झटका नक्की बसणार हे माहीत असताना ताण कमी होता. बसेल की नाही याची शक्यता निम्मी-निम्मी असताना तो सगळ्यात जास्त होता. म्हणजे वाईट गोष्ट नक्की होणार हे कळलेलं शरीराला परवडतं, अधांतरी राहणं परवडत नाही. याच प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली, आणि ती तुमच्यासाठी महत्त्वाची आहे. ज्यांचा ताण त्या अनिश्चिततेबरोबर नीट वरखाली होत होता, त्यांचे अंदाज जास्त बरोबर येत होते. रात्री छातीत धडधडतं म्हणजे तुम्ही कमकुवत आहात, असा अर्थ काढू नका. तुमचं डोकं एका खऱ्या प्रश्नावर काम करतंय. त्याला काम करायला रात्री अकराची वेळ देऊ नका, एवढंच.

त्यासाठी तो ग्रुप आधी. एखादा दिवस काहीच बातमी नसते, तेव्हा तुम्ही थोड्या स्थिरावता. मग कुणीतरी टाकतं, "वरून खात्रीलायक कळलंय, या अधिवेशनात विषय येतोय," आणि पारडं पुन्हा निम्म्या-निम्म्यावर येतं. बारा वर्षं हेच झालं. दुसऱ्या कुणीतरी, मुंबईत कुठेतरी, एक कागद काढायचा आणि त्यानं आपलं आयुष्य ठरायचं, याची तुम्हाला सवय लागली आहे. राजीनामा दिल्यावरही हात रात्री फोनकडे जातो तो या सवयीनं. पण राजीनामा मंजूर झाल्यावर तुमच्या शाळेला टप्पा आला तरी तो तुमच्या नावावर येणार नाही. मग ती बातमी आज रात्री कळली काय किंवा चार दिवसांनी कळली काय, तुम्हाला सकाळी उठून वेगळं काय करायचंय? काहीच नाही. तेव्हा ग्रुपमधून बाहेर पडा. एकदम जमत नसेल तर तो बंद कप्प्यात (आर्काइव्हमध्ये) टाका आणि स्टाफरूममधल्या एका जवळच्या मैत्रिणीला सांगा, "आपल्या शाळेचं काही पक्कं झालं तर मला फोन कर, अफवा सांगू नको." जीआर एका रात्रीत शिळा होत नाही. आणि ज्या सहकाऱ्यांबरोबर तुम्ही मैदानावर बसलात, त्यांच्याशी नातं ठेवायला ग्रुप लागत नाही. त्यांना रविवारी चहाला बोलवा.

आता पैशाचं. पत्रात तुम्ही आकडे दिलेत, पण भागाकार केलेला नाही. महिन्याला ५ हजार तूट आणि शिल्लक १ लाख १० हजार, म्हणजे काही वेगळं घडलं नाही तर २२ महिने. तुम्ही गणिताच्या बाई आहात, हे तुम्हाला तोंडी येतं, पण घाबरलेलं मन असा भागाकार करत नाही. ते नुसतं "पैसे संपत चाललेत" एवढंच म्हणतं. २२ महिने ही छोटी मुदत नाही. आजारपण, लग्नकार्य, फौंड्रीतला ओव्हरटाइम बंद होणं असं काही आलं तर ती कमी होईल, हे खरं. म्हणून तर पातळ्या ठरवायच्या.

पावसाळ्यात कोल्हापूरची माणसं कशी राहतात ते तुम्हाला मी सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९ ला आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. तरी आंबेवाडी-चिखलीतला माणूस जूनपासून रोज रात्री नदीकाठी जाऊन बसत नाही. यंदा पूर येणार का, याचं उत्तर त्याला माहीत नसतं. पण कुठल्या आकड्याला जनावरं हलवायची आणि कुठल्या आकड्याला घर सोडायचं, हे त्यानं पाऊस लागायच्या आधीच ठरवलेलं असतं. आकडा खाली आहे तोवर तो भात लावतो.

तुमच्याही दोन पातळ्या ठरवा, आणि एकटीनं नको, मिस्टरांना बरोबर घेऊन. माझ्या हिशेबानं शिल्लक ७० हजारांवर आली की ती इशारा पातळी. तेव्हा काय करायचं तेही आजच लिहून ठेवायचं: रविवारबरोबर शनिवारी संध्याकाळीही दहावीची एक बॅच सुरू करायची, आणि सरांशी मानधन वाढवण्याबद्दल बोलायचं. ४० हजार ही धोका पातळी. तेव्हा पूर्ण वेळ पगार देणारं काम धरायचं, मग ते राजारामपुरीतल्या एखाद्या कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवण्याचं का असेना. दहावी-बारावीचं गणित नीट शिकवणारी बाई या शहरात सहसा रिकामी बसत नाही. म्हणजे तुम्ही जिला पडणं समजता, ती जागाही तशी कोरडीच आहे. हे आकडे तुम्हाला पटले नाहीत तर दुसरे घ्या, पण ठरवून कागदावर घ्या आणि तो कागद कपाटात ठेवा. बँकेचं पासबुक महिन्यातून एकदाच बघायचं.

कधी बघायचं? दर महिन्याच्या २१ तारखेला. २० तारखेला थ्री-बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं विवरणपत्र, भरायची मुदत संपते, ऑफिसात सगळे जरा श्वास घेतात. त्या संध्याकाळी अर्धा तास वही घेऊन बसा. या महिन्यात कुठलं काम सरांना न विचारता पूर्ण केलं? कुठलं परत आलं, आणि का परत आलं? एखाद्या पार्टीनं (ग्राहकानं) तुमचं नाव घेऊन फोन केला का? शिल्लक किती? बस, एवढंच लिहायचं. "मला हे आवडतंय का" हा प्रश्न अजून काही महिने त्या वहीत नको. दमलेल्या माणसाला कुठलंच काम आवडत नाही, आणि तुम्ही दमलेल्या आहात.

मोठा निर्णय मात्र पुढच्या वर्षीच्या ३१ जुलैनंतर. कर सल्लागाराच्या ऑफिसचं एक वर्ष असतं, जसं शाळेचं असतं. तुम्ही जूनमध्ये आलात, गडबडीच्या मध्येच, तेव्हा तुम्हाला रिटर्न म्हणजे काय हेच नीट माहीत नव्हतं. मार्चअखेर अजून बघितलेली नाही. एप्रिलमध्ये पार्टीची बिलं पिशवीत भरून येतात, जुलैअखेरपर्यंत पगारदारांची आयकर विवरणपत्रं चालतात, हे सगळं एकदा हाताखालून जाऊ द्या. पहिल्या सहामाहीच्या मार्कांवरून तुम्ही कुठल्या पोराला दहावीत नापास होणार असं सांगितलं होतं? ३१ जुलैपर्यंत "हे जमेल का" हा प्रश्न मनात आला की त्याला तारीख सांगायची. येईल तो, येऊ दे.

त्या बावीस वर्षांच्या मुलीबद्दल. तिला तुमच्यापेक्षा जास्त येतं, आज तरी, आणि ती चुका काढते हे चांगलंच आहे. काढल्या नाहीत तर त्या खात्याच्या नोटिशीतून कळतील. पण तुम्हाला काहीच येत नाही, असं जे तुम्ही धरून बसलाय, ते तपासून बघू.

समजा उद्यमनगरातली एक जॉबवर्कवाली पार्टी आहे. एका बाजूला तिच्या खरेदीच्या बिलांची फाईल, दुसऱ्या बाजूला पोर्टलवरचं टू-बी, म्हणजे तिच्या पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची यादी. १४ तारखेला टू-बी तयार होतं, २० पर्यंत थ्री-बी जायला हवं, म्हणजे ताळा घालायला मधले पाच-सहा दिवस. फाईलमध्ये ५९ हजारांचं एक बिल आहे, त्यात १८ टक्क्यांनी ९ हजार कर. टू-बीत ते बिल नाही. टू-बीत नाही म्हणजे त्याचं क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या कराची वजावट) आत्ता घेता येणार नाही, आणि ते ९ हजार पार्टीला रोखीनं भरावे लागणार. आता शोधायचं. पुरवठादारानं जीएसटीआर-वन (विक्रीचं विवरणपत्र) भरलंच नाही का? भरलं, पण पार्टीच्या जीएसटी नंबरात एक अक्षर चुकलं आणि बिल भलत्याच माणसाच्या टू-बीत जाऊन बसलं का? की ११ तारखेच्या मुदतीनंतर भरलं, म्हणून पुढच्या महिन्यात दिसेल? की घाईत बी-टू-सीमध्ये, म्हणजे साध्या गिऱ्हाइकांच्या विक्रीत, टाकलं? प्रत्येकाचा इलाज वेगळा. पहिल्यात फोन करून पाठपुरावा, दुसऱ्यात आणि चौथ्यात पुरवठादाराकडून पुढच्या रिटर्नमध्ये दुरुस्ती, तिसऱ्यात नुसतं थांबणं.

हे काम कशासारखं आहे, बाई? उत्तर चुकलंय हे कुणालाही दिसतं, पण पोरगं कुठल्या पायरीवर घसरलं हे पेपर तपासणाऱ्या चांगल्या शिक्षकालाच दिसतं. चिन्ह बदलायचं राहिलं, की सूत्रच चुकीचं घेतलं, की वहीतून उतरवताना ६ चा ९ झाला. ही नजर तुमच्याकडे बारा वर्षांची आहे. दुसरी गोष्ट अशी, की मार्केट यार्डातल्या गुळाच्या व्यापाऱ्याला किंवा हुपरीच्या चांदीवाल्याला "तुमचं क्रेडिट का अडकलं" हे त्याला कळेल अशा मराठीत सांगणारी माणसं कर सल्लागारांच्या ऑफिसात फार थोडी असतात. पार्टी "सर कुठं आहेत" म्हणायच्या ऐवजी "त्या बाईंना फोन द्या" म्हणायला लागते ती याच कारणानं. पुढच्या वेळी असा फोन आला की तो तुम्ही घ्या. सरांना आधी विचारा, पण घ्या.

पात्रतेचं एक सांगायला हवं, नाहीतर पुढे ठेच लागेल. ऑफिसात नोकरी करायला तुमची एम.एस्सी. चालते. पण उद्या स्वतःच्या नावानं जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणून नोंदणी करायची म्हटलं तर पदवी वाणिज्य, कायदा, उच्च लेखापरीक्षणासह बँकिंग किंवा व्यवसाय प्रशासन यातली लागते, आणि नोंदणीनंतर ठरलेली परीक्षाही पास व्हावी लागते. गणिताची पदवी तिथं बसत नाही. तुमच्यापुढे दोन रस्ते दिसतात. एक म्हणजे दूरशिक्षणानं एम.बी.ए. करणं. दुसरा कॉस्ट अकाउंटंटचा. तिथं ललित कला सोडून कुठल्याही शाखेच्या पदवीधराला फाउंडेशन न देता थेट इंटरमिजिएटला नाव घालता येतं. परीक्षा अवघड आहे, पण आकड्यांची भीती नसलेल्या माणसासाठी तो रस्ता बंद नाही, आणि फौंड्रीच्या या जिल्ह्यात कॉस्टिंग कळणाऱ्या माणसाला काम आहे. यातलं काहीही आज ठरवू नका, फीही भरू नका. ३१ जुलैनंतर, वहीतली नोंद बघून.

महाद्वार रोडवरच्या प्रसंगानं मला फार वाईट वाटलं. "रजेवर आहे" हे तुम्ही लाजेनं म्हणालात, असं तुम्हाला वाटतंय. मला वाटतं, तुमच्याकडे दुसरं वाक्य तयार नव्हतं म्हणून म्हणालात. ते तयार ठेवा. "शाळा सोडली रे, आता शाहूपुरीत जीएसटीचं काम शिकते. तुझं काय चाललंय?" खरं आहे, छोटं आहे, आणि शेवटचा प्रश्न त्याच्याकडे जातो. आरशासमोर चार वेळा मोठ्यानं म्हणून बघा, तोंडात बसू द्या. तो मुलगा भर गर्दीत वाकला तो तुमच्या शाळेच्या मस्टरवरच्या नावासाठी नाही वाकला.

सासूबाईंशी रोज थोडं थोडं बोलू नका, एकदाच नीट बोला, मिस्टर घरी असताना. त्यांच्या पिढीनं सरकारी पगार लागलेलं घर कसं वर येतं ते पाहिलेलं आहे, म्हणून त्यांचा जीव त्यात अडकलाय. त्यांना जीएसटी समजावायला जाऊ नका. कपाटातला तो कागद दाखवा: शिल्लक इतकी, इतकी झाली की हे करणार, तेवढी झाली की ते करणार. त्यानंतरही त्या बोलतील. तेव्हा "आई, एकवीस तारखेला बघू" एवढंच म्हणा आणि भाजी निवडायला घ्या.

झोपेसाठी एक साधा उपाय बऱ्याच जणांना उपयोगी पडतो. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर, जेवणाच्या बऱ्याच आधी, वीस-पंचवीस मिनिटं फक्त काळजीसाठी ठेवा. जे जे मनात येतं ते लिहा. प्रत्येकापुढे एक खूण: याच्यावर या आठवड्यात मला काही करता येतं का? येत असेल तर काय आणि कधी, ते लिहा. येत नसेल तर तसंच सोडा. रात्री तेच विचार परत आले की स्वतःला सांगायचं, उद्या साडेसहाला. पहिले काही दिवस मन ऐकत नाही, मग हळूहळू ऐकायला लागतं. फोन मात्र झोपायच्या खोलीबाहेर. आणि हे करूनही पुढचे दोन-तीन आठवडे झोप आली नाही, जेवण जाईना, किंवा जगणंच नको असं वाटलं, तर थांबू नका. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. सीपीआर रुग्णालयातही मनोविकार विभाग आहे. ताप आला की दाखवतो तसं दाखवायचं.

मुलीला काय सांगायचं? खरं सांगायचं. "परत त्या शाळेत जाणार नाही. हे नवीन काम मला अजून नीट येत नाही, शिकतेय. पुढच्या जुलैपर्यंत बघणार आहे." आठवीतल्या मुलीला एवढं कळतं. तिच्यापासून लपवलं तर ती तुमच्या चेहऱ्यावरून याहून वाईट काहीतरी ओळखेल. रविवारी तिला शेजारी बसवून एखाद्या पार्टीचा ताळा घालून दाखवा, नावं झाकून. तुमची चूक तिनं शोधली तर शाबासकी द्या.

ता. क. : पत्रात ग्रॅच्युइटीचा (नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी रकमेचा) उल्लेख नाही, म्हणजे तुम्ही ती मागितलेली नसणार. खाजगी शाळेतल्या शिक्षकांनाही ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. तेव्हाचा ग्रॅच्युइटीचा कायदा २००९ च्या दुरुस्तीनं त्यांना ३ एप्रिल १९९७ पासून लागू झाला आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती दुरुस्ती वैध ठरवली. संस्थेत दहा किंवा जास्त माणसं कामाला असली आणि तुमची सलग पाच वर्षं भरलेली असली की राजीनामा दिला तरी हक्क राहतो. हिशेब असा: शेवटचा मासिक पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले पूर्ण वर्षं. ९ हजारांवर १२ वर्षांचे साधारण ६२ हजार ३०० रुपये होतात. तुमच्या तुटीच्या हिशेबात ते आणखी एक वर्ष आहे. संस्था "ते मानधन होतं, पगार नव्हता" म्हणेल, म्हणून कागद आधी गोळा करा: नेमणूक आदेश, शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता, हजेरीपत्रकाच्या प्रती, मानधन जमा झालेलं पासबुक, राजीनामा मंजुरीचं पत्र, अनुभवाचा दाखला. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. उशीर झाला म्हणून हक्क आपोआप बुडत नाही, उशिराचं कारण अर्जातच लिहा. महिनाभरात उत्तर आलं नाही तर ही कागदांची फाईल घेऊन कोल्हापुरातल्या कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जा आणि दाद कुठे मागायची ते विचारा. एकट्या जाऊ नका. तुमच्याबरोबर मैदानावर बसलेल्या आणि नंतर शाळा सोडलेल्या आणखी कुणी असतील, त्यांनाही घेऊन जा.